वेगळी टाकी

धाकट्यानं हात पुढे केला आणि अगदी सरळ चेहऱ्यानं म्हणाला, "नमस्कार. आपण टाक्यांचे प्रमुख ना?" थोरल्यानं तो हात हातात घेतला. दुसरं काय करणार? बैठकीच्या खोलीच्या दारात मॅनेजरबाई उभ्या होत्या, त्यांच्यामागे चहाचा ट्रे सावरत शिपाई उभा होता, आणि समोर स्वतःचा साडू, बायकोच्या सख्ख्या धाकट्या बहिणीचा नवरा, तपासनीस म्हणून गळ्यात पाहुण्याचा पास अडकवून त्याला 'आपण' म्हणत होता. गेल्याच रविवारी सासऱ्यांकडे याच हातानं त्यानं थोरल्याच्या ताटात भाताचा डाव रिकामा केला होता. 'घ्या हो साडूभाऊ, लाजता काय,' असं म्हणून सगळ्यांना हसवलं होतं. "हो, मीच," थोरला म्हणाला. म्हणता म्हणता त्याच्या लक्षात आलं की या नाटकात आपणही उतरलो, आणि तेसुद्धा याच्या मागून. पहिला नंबर इथेही याचाच लागला.

थोरला आणि धाकटा ही सासऱ्यांची भाषा. त्यांना दोनच मुली, त्यामुळे जावईही दोनच, आणि दोन असले की तराजू आपोआप तयार होतो. सासऱ्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. बँकेत, दवाखान्यात, न्हाव्याच्या खुर्चीत, कुठेही ते मोबाइल काढून फोटो दाखवत. फोटोत धाकटा पामच्या मळ्यात उभा असे, भोवती लहान लहान बागायतदार, आणि कोणीतरी कौतुकानं फळांचा तो काटेरी घड त्याच्या खांद्याशी धरलेला. 'आमचे धाकटे जावई जंगलं वाचवतात,' सासरे सांगत. ऐकणारा भला असला तर विचारायचा, 'आणि थोरले?' 'थोरले तेलात असतात.' हे सासरे इतक्या निर्मळपणे म्हणत की रागावण्याची सोय नव्हती. थोरला वरवर हसत असे आणि आतून त्याच्या अंगाचा तिळपापड होत असे. त्याला वाटायचं, अरे, जंगल वाचवलं हे शेवटी कळतं कुठून? तो म्हणतो तसं जपलेल्या मळ्याचं तेल माझ्या टाकीत वेगळं राहतं तेव्हाच ना? मधला एक जरी माणूस चुकला तरी त्या फोटोला काय अर्थ? पण टाकीचा फोटो कोण काढणार आणि काढला तरी न्हाव्याला कोण दाखवणार. टाकी म्हणजे एक मोठा डबा, आणि त्याच्याशेजारी टोपी घातलेला एक घामाघूम माणूस.

खोलीत सगळे बसले. मॅनेजरबाईंच्या शेजारी पलीकडच्या कारखान्याचा प्रतिनिधी होता, एक जाडजूड, सतत घड्याळ बघणारा गृहस्थ. एरवी हे दोन कारखाने गिऱ्हाइकावरून एकमेकांच्या उरावर बसायचे. पण प्रमाणपत्राच्या तेलासाठी धंद्यातल्या सगळ्यांनी मिळून एक मंडळ केलं, एकच नियम मान्य केले, आणि या दोघांनी तर बंदराच्या धक्क्यापासूनची एक पाइपलाइन फक्त त्या तेलासाठी भागीत घेतली. नियम ऐकायला सोपे होते. मळा जंगल तोडून लावलेला नसावा, दलदलीची जमीन जाळलेली नसावी, मजुराला पुरती मजुरी मिळालेली असावी. असं तपासून झालेल्या मळ्याचं तेल साध्या तेलात कुठेही मिसळू द्यायचं नाही. त्याची टाकी वेगळी, नळ वेगळा, पंप वेगळा. एकानं घोळ केला की प्रमाणपत्र दोघांचंही अडकायचं आणि बिस्किटवाले, साबणवाले दोघांनाही सोडून जायचे. हे सगळं थोरल्याला पाठ होतं. तरी धाकटा बोलायला लागला की ते नव्यानं ऐकल्यासारखं वाटायचं, हाच तर त्याच्यावरचा राग होता. आवाज मऊ, वाक्यं लहान, मध्ये मध्ये थांबणं. मॅनेजरबाई, ज्या थोरल्याचं वाक्य कधी पुरं होऊ देत नसत, त्या हनुवटीखाली हात ठेवून ऐकत होत्या.

मग धाकट्यानं नेहमीचं निवेदन वाचलं. ठरलेले तपासनीस आजारी पडल्यामुळे आयत्या वेळी आपण आलो आहोत. या कंपनीत आपले आईवडील, भावंडं, पत्नी किंवा मुलं नोकरीला नाहीत. कंपनीशी आपला आर्थिक संबंध नाही. हे वाचताना त्यानं कोणाकडेही बघितलं नाही. थोरला टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत होता. शब्द न् शब्द खरा होता. जिथे कुठे हे नियम लिहिले गेले तिथल्या माणसांना साडू ठाऊकच नव्हता. रक्ताचं नाही, लग्नाचं म्हणावं तर आपलं लग्न याच्याशी झालेलं नाही. दोन बहिणींच्या मधोमध टाचून दिलेलं हे नातं, त्याला त्या लोकांच्या यादीत जागाच नव्हती. पण आपल्यात विचारा. साडूनं गाडी घेतली की ज्याच्या पोटात दुखत नाही असा माणूस दाखवा. थोरल्याला कळलं की याक्षणी आपण नुसतं एवढंच म्हणालो की 'हे माझे साडू', तर तपासणी इथेच संपेल आणि याचं नाव मंडळातून कायमचं जाईल. सासऱ्यांना मोबाइलमधला फोटो पुसावा लागेल. ते वाक्य त्यानं तोंडात धरलं आणि लिमलेटच्या गोळीसारखं हळूहळू चघळत राहिला. इतकं गोड काही त्यानं पुष्कळ दिवसांत चाखलं नव्हतं.

ते वाक्य बोलून टाकलं तर नवा तपासनीस येऊन खोलात शिरेल ही भीतीही होती आणि तिचं कारण वेगळ्या टाकीत होतं. काही आठवड्यांपूर्वी, भर दुपारी, टँकर खाली होत असताना वेगळ्या लाइनीचा पंप अडकला. पाम तेल थंड झालं की गोठतं. नळीत गोठलं तर नळीच कापावी लागते. दुरुस्तीवाला यायला वेळ होता. थोरल्यानं साध्या तेलाच्या लाइनीची झडप उघडली आणि उरलेलं तेल तिच्यातून वेगळ्या टाकीत घेतलं. त्या नळीत साधं तेल उभं होतं, ते आधी आत गेलं. फार नव्हतं, एवढ्या मोठ्या टाकीत चमचाभर म्हणावं असं. पण नियमानं तेवढ्यानं सगळी टाकी साधी झाली. खरं तर त्याच संध्याकाळी मॅनेजरबाईंना सांगायचं, त्या चार शब्द बोलल्या असत्या, ते तेल साध्या भावानं गेलं असतं, विषय मिटला असता. पंपवाल्यालाही तसंच वाटलं असणार; तो थोरल्याकडे बघत उभा राहिला, आणि पुढच्याच आठवड्यात दुसरीकडे नोकरी लागून निघून गेला. थोरला गप्प राहिला याचं कारण त्याच्या आदल्याच रविवारी होतं. सासऱ्यांच्या टेबलाशी धाकट्याचं कौतुक चाललेलं असताना त्याला राहवलं नव्हतं, आणि तो मोठ्यानं म्हणाला होता, 'माझ्या टाकीत आजवर एक थेंब मिसळला नाही. डोळ्यांत तेल घालून बघतो मी.' सासरे हसले होते, 'तेलच ते, तुम्हाला कुठे तोटा.' धाकटा मात्र हसला नव्हता. तो म्हणाला होता, 'खरंय, सगळं शेवटी टाकीवाल्यावर असतं.' ते वाक्य थोरल्यानं घरी नेलं, रात्रभर कुरवाळलं, आणि आपलंच बोलणं खोटं पाडायची वेळ आली तेव्हा त्याला ते जमलं नाही.

सांगितलं फक्त बायकोला. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "मग सांगून टाका ना उद्या," ती म्हणाली, "खाणार आहेत का तुम्हाला?" "तुला काय कळतं त्यातलं," असं तो तिच्यावर खेकसला होता. तिनं टॉवेलाची घडी मोडून पुन्हा घातली होती. त्यानंतर तो विषय घरात निघाला नव्हता.

टाकीवर चढताना धाकटा पुढे होता. उन्हानं कठडा तापला होता आणि टाकीच्या अंगातूनही ऊब येत होती, कारण आत वाफेच्या नळ्या तेलाला गोठू देत नाहीत. वरचं झाकण उघडलं तसा तो वास आला, जड, गोडसर, भिजलेल्या पोत्यासारखा. या वासात थोरल्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. तेल खाली लाल-नारिंगी, संथ. धाकट्यानं नमुन्याचं भांडं साखळीनं आत सोडलं, हव्या त्या खोलीला थांबला, आणि मनगटाला एक छोटा झटका देऊन भांड्याचं बूच उडवलं. तो झटका थोरल्याचा होता. थोरला पूर्वी होता त्या दुसऱ्या गावच्या कारखान्यात धाकटा कोवळा उमेदवार म्हणून आला तेव्हा थोरल्यानंच त्याचं मनगट धरून शिकवला होता. पहिल्याच दिवशी पोरानं भांडं साखळीसकट टाकीत पाडलं आणि रडकुंडीला आलं. थोरल्यानं साहेबांना सांगितलं, माझ्या हातून पडलं. तेव्हा त्याला हे पोर आवडायचं. इतकं की मेहुणीसाठी स्थळ बघताहेत असं कळल्यावर थोरल्यानंच त्याचं नाव सुचवलं, थोरल्यानंच त्याला सासऱ्यांकडे नेलं, थोरल्यानंच भीड घातली. आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायला लोक निदान धोंडा शोधतात. थोरल्यानं तो स्वतः आंघोळ घालून, इस्त्रीचे कपडे चढवून घरात आणला होता. मग बघता बघता पोराचा 'धाकटा' झाला, नोकरी सोडून तपासनीस झाला, लहान बागायतदारांना एकत्र करून त्यांच्या गटाला प्रमाणपत्र मिळवून देणारा पहिला माणूस झाला. थोरल्याची बायको एकदा भांडी आवरताना सहज म्हणाली होती, 'किती शांत असतात ते.' बस, एवढंच. पण तिनं ते सहज म्हटलं म्हणूनच ते रुतलं. शांत असणं म्हणजे काय विशेष? तोही शांत असता, त्याचं कौतुक झालं असतं तर.

"प्रयोगशाळेत यातला फरक कळत नाही," धाकटा बरोबरच्या मॅनेजरबाईंना सांगत होता. "प्रमाणपत्राचं तेल आणि साधं तेल, दोन्ही सारखीच दिसतात, सारखीच लागतात. शेवटी माणसाच्या सांगण्यावरच चालतं." मग तो थोरल्याकडे वळला. वाऱ्यानं त्याचे केस कपाळावर आले होते. "या टाकीत दुसऱ्या लाइनीतून तेल आलं, असं कधी झालं?"

"नाही," थोरला म्हणाला.

"कधीच?"

"कधीच नाही."

धाकट्यानं भांड्याचा काठ फडक्यानं पुसला. "विचारून ठेवतो," तो म्हणाला, "पंप अडकला की होतं असं कधीकधी." आणि तो झाकण लावायला वाकला.  पंप अडकल्याचं इथे कोणालाही माहीत नव्हतं. पंपवाला गेला, दुरुस्तीवाला येईपर्यंत पंप सुटलाही होता. उरलं कोण? घड्या घालणारी बायको. बायकोनं बहिणीला सांगितलं, बहिणीनं नवऱ्याला. सरळ रेघ होती. चोराच्या मनात चांदणं म्हणून त्यानं स्वतःला समजवायचा प्रयत्न केला, माणूस सहज म्हणाला असेल, सगळ्याच कारखान्यांत पंप अडकतात. पण आपला साडू सहज काही म्हणत नाही हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? त्याच्या डोळ्यांसमोर ते दुसरं घर आलं, जेवणाचं टेबल, वरचा मंद दिवा, मेहुणी हलक्या आवाजात सांगतेय, 'बिचारे भाऊजी, एकट्यानंच घोर लावून घेतलाय.' आणि हा ऐकतोय, शांतपणे. आपल्या घरातली गोष्ट त्या घरात गेली याचा त्याला एवढा राग आला नाही. तिथे आपली कीव केली गेली असणार, याचा आला. बायकोला आपल्याबद्दल काय वाटतं ते तिनं आपल्याला सांगितलं नाही, तिथे सांगितलं. म्हणजे तिथेही पहिला हाच. जिना उतरताना तोंडातली गोळी कडू झाली होती.

जेवणाच्या सुट्टीत धाकटा कँटीनच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी एकटाच बसला. तपासनीस ज्याला तपासतो त्याच्याकडचं खात नाही. म्हणून त्याचा डबा घरचा. थोरल्यानंही डबा उघडला आणि थबकला. दोघांच्या डब्यांतून एकच फोडणीचा वास येत होता. दोन्ही बहिणींना एकाच आईनं शिकवलेला हात, तोच जिऱ्याचा करपटपणाकडे झुकलेला खमंग वास, भाजीवर घालायची तीच किसलेली ओल्या खोबऱ्याची चिमूट. कोणाच्या लक्षात आलं तर? त्यानं झाकण अर्धं लावलं आणि फटीतून घास काढून जेवला. कोपऱ्यातून धाकट्यानं त्याच्याकडे पाहिलं. त्यानंही झाकण अर्धं लावलेलं होतं. त्या एका क्षणी थोरल्याला हसू फुटायचं बाकी राहिलं होतं, आणि ते आवरल्यावर मत्सर दुप्पट जोरानं परत आला, कारण हा माणूस आपल्याला आवडायचा हे त्याला आठवलं होतं.

दुपारभर तो विचार करत राहिला की याला हवंय काय. पकडायचं असतं तर तिथेच वर पकडलं असतं. म्हणजे सोडायचंय. आपण खोटं बोललो हे माहीत असून यानं ते ऐकून घेतलं. कशासाठी? नात्यासाठी? भांडं टाकीत पडलं होतं त्याच्यासाठी? समारोपाच्या बैठकीत उत्तर मिळालं. धाकट्यानं कागद सरळ केले आणि सांगितलं की दोष एकही आढळला नाही. "विशेष म्हणजे," तो म्हणाला, "वेगळ्या टाकीची व्यवस्था. ती बघणाऱ्यांचा अनुभव दिसतो. इतरांनी शिकावं अशी आहे." मॅनेजरबाई थोरल्याकडे बघून हसल्या. वर्षानुवर्षं त्या तशा हसाव्यात म्हणून तो झिजला होता. पलीकडच्या कारखान्याच्या प्रतिनिधीनं घड्याळ बघायचं सोडून मान डोलावली.

थोरल्याला येणारे सगळे रविवार दिसले. धाकटा भात वाढेल. काही बोलणार नाही, तो थोडाच बोलणारा आहे. मेहुणी जरा जास्तच मऊपणानं 'घ्या ना भाऊजी' म्हणेल. बायको खाली बघेल. सासरे फोटो दाखवतील आणि टेबलाभोवतीच्या तिघांना ठाऊक असेल की तेलातल्या माणसाला जंगलवाल्यानं तारलं. हा उपकार फिटणार नाही, कारण त्याचा कोणी उच्चारच करणार नाही. नोकरी गेली तरी चालेल, प्रमाणपत्र गेलं तरी चालेल, पण याच्या दयेवर, याच्या त्या शांत दयेवर, उरलेलं आयुष्य जेवायचं? तो उठून उभा राहिला.

"थांबा," तो म्हणाला. "ते बरोबर नाही. पंप अडकला होता. मी साध्या लाइनीतून तेल घेतलं या टाकीत. सकाळी यांनी विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो. खोटं बोललो."

मॅनेजरबाईंचं हसू चेहऱ्यावरच राहून गेलं. "काय बोलताय तुम्ही? कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय."

"अहो, पण आमचंही अडकलं ना त्यात," पलीकडचा गृहस्थ म्हणाला. "आमचा काय दोष?"

"काहीच नाही. दोष माझा एकट्याचा."

सगळे धाकट्याकडे बघायला लागले. आता खरं म्हणजे त्याची पाळी होती. थोरल्यानं वाट पाहिली. मनातल्या मनात त्यानं त्याला हात देऊन पुढे ओढलं, बोल, आता तूही बोल, मी कोण ते सांग. धाकट्याचे ओठ हलले. मग त्यानं मान खाली घातली, पेनाचं टोपण काढलं आणि लिहायला लागला. गंभीर दोष. टाकी रिकामी करून धुवावी. फेरतपासणी होईपर्यंत प्रमाणपत्र स्थगित. त्याचं ते सुरेख अक्षर आज वाकडंतिकडं येत होतं. थोरल्याच्या जिभेवर ते सकाळचं वाक्य अजून होतं, पण त्याला ते म्हणावंसं वाटलं नाही. दया म्हणून नव्हे. त्याची गरज उरली नव्हती.

बैठक मोडल्यावर मॅनेजरबाई त्याच्याजवळ थांबल्या. उद्यापासून टाक्या दुसरं कोणी बघेल असं त्यांनी सांगितलं, आणि जाता जाता, जरा आवाज खाली आणून, "पण हिंमत लागते," असंही म्हणाल्या. पलीकडचा गृहस्थ शिपायाला सांगत होता, "वाट लावली, पण माणूस खरा आहे." थोरला ऐकत होता. कोणाबद्दल बोलताहेत ते त्याला क्षणभर उमगलं नाही. तो हात धुवायला गेला तर बेसिनशी धाकटा उभा होता, नळ सोडून, हात न भिजवता.

"साडूभाऊ," धाकटा म्हणाला. दिवसभरात पहिल्यांदाच. इकडेतिकडे बघून त्यानं आवाज आणखी खाली घेतला. "मला नसतं जमलं. नाहीच जमलं, बघितलंत ना तुम्ही. सगळ्यांसमोर असं उभं राहायचं म्हणजे." तो पाण्याच्या धारेकडे बघत होता, मग त्यानं वर पाहिलं. ती नजर थोरल्यानं याआधी कधी समोरून पाहिली नव्हती. आत खोलवर काहीतरी कुरतडत असतं आणि वर कौतुकाचं पांघरूण असतं, तसली ती नजर. कित्येक वर्षं दर रविवारी ती त्याचीच होती.

खरं सांगायचं तर एकच वाक्य होतं: अरे, तुझ्या उपकाराखाली जगायचं नव्हतं म्हणून बोललो, नुसता जळून बोललो, खरेपणाचा यात काही संबंध नाही. ते ओठांपर्यंत आलंसुद्धा. ते म्हटलं असतं तर दोघं कदाचित हसले असते, पुन्हा त्या जुन्या कारखान्यातल्यासारखे. थोरल्यानं त्याच धारेत हात धुतले, नळ बंद केला, हात रुमालाला पुसले आणि धाकट्याच्या खांद्यावर एक हात ठेवला.

"तसं काही अवघड नसतं," तो शांतपणे म्हणाला. "खरं बोलायची सवय लागते हळूहळू."

टाकीवरचं खोटं दिवसभर त्याच्या घशात रुतून बसलं होतं. हे दुसरं मात्र अलगद गेलं. धाकट्यानं विद्यार्थ्यासारखी मान हलवली, आणि दोघं एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांसारखे वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडले.